खान्देशातील उद्योजिकांसाठी संपर्काचे जाळे

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला खान्देश कापूस, केळी आणि डाळींचा प्रदेश म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. १९०६ मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पुढे तेच जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. जळगावची सोन्याची बाजारपेठ, डाळ गिरण्या व चटईचे कारखाने, धुळ्याचे यंत्रमाग, सोनगीरची तांब्यापितळेची भांडी, दोंडाईच्याची मिरची ही या भूभागाची सर्वज्ञात ओळख होय. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

या सर्वज्ञात उद्योगांच्या आड आणखी एक उद्योगविश्व वावरत असते. त्याची नोंद कारखान्यांच्या यादीत आढळत नाही. ज्वारीचे बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, काळा मसाला, केळीचे वेफर्स, खापरावरच्या पुरणपोळ्या, शिवणकाम, भरतकाम, गोधड्या असे नाना जिन्नस घरोघरी तयार होतात. हे काम करणाऱ्या स्त्रिया लेवा, मराठा, बौद्ध, मुस्लिम, भिल्ल, पावरा अशा सर्व समाजांतील आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर व चोपडा तालुक्यांत राहणारा तडवी समाज तर एकाच वेळी आदिवासीही आहे आणि मुस्लिमही. या स्त्रियांच्या हातात कसब आहे, कष्टाची तयारी आहे. मोबाईलवरील एखादे अ‍ॅप त्यांना परस्परांशी आणि बाजाराशी जोडू शकेल काय, आणि ते उभारताना कोणती दक्षता घ्यावी लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळखीची मर्यादा

घरगुती उद्योगाचा व्यापार बहुधा ओळखीवर चालतो. शेजारीण, नातलग, शाळेतील शिक्षिका, गावच्या यात्रेत भेटलेली गिऱ्हाईक एवढाच त्याचा परीघ असतो. धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, अमळनेरचा सखाराम महाराजांचा उत्सव किंवा मुक्ताईनगरची यात्रा या काळात माल खपतो. त्यानंतर पुन्हा मंदी येते. ज्या घरातील स्त्रीला बाजारपेठेत एकटीने जाण्याची मोकळीक नाही, तिची ओळख याहूनही तोकडी राहते. अल्पसंख्याक वस्तीतील स्त्रीच्या बाबतीत भाषा आणि परस्परांविषयीचा दुरावा यांची त्यात भर पडते. परिणामी माल घेण्यासाठी दारात येणारा एकमेव व्यापारी सांगेल तोच भाव तिला मान्य करावा लागतो.

हे स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भुसावळच्या एका आचाऱ्याला लग्नाच्या हंगामासाठी ४० किलो बिबडे हवे आहेत. यावल तालुक्यातील एक बचतगट ठरलेल्या मुदतीत केवळ ८ किलो देऊ शकतो. एवढ्या लहान गटाशी बोलणी करण्याऐवजी आचारी शहरातील घाऊक दुकानातून माल उचलतो. परंतु प्रत्येकी ८ किलो देऊ शकणारे असे पाच गट एकमेकांना ठाऊक असते, मालाचा दर्जा व भाव त्यांनी आपसात ठरवला असता, तर तीच मागणी त्यांना सहज पूर्ण करता आली असती. या पाच गटांना एकत्र आणणे हेच संपर्कजाळ्याचे काम होय. वस्तूंची छायाचित्रे मांडणे हा त्याचा केवळ एक भाग ठरतो.

पूर्वीच्या प्रयत्नांतील धडे

संपर्काचे जाळे मोबाईलच्या आधीपासून अस्तित्वात आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. घरी लाटलेला पापड एकाच प्रमाणाचा असावा, यासाठी पीठ केंद्रावर मळून सभासद भगिनींना देण्याची आणि तयार पापड तपासून घेण्याची पद्धत तेथे रूढ झाली. काम विखुरलेले आणि दर्जा मात्र एक, हे सूत्र त्यातून घ्यावयाचे आहे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेचा परवाना प्रथम नाकारला गेला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. त्या स्त्रियांनी अक्षरओळख करून घेतली आणि पुन्हा अर्ज केला. पुढे या परिवाराने ग्रामीण उद्योजिकांसाठी प्रशिक्षण, सामुदायिक रेडिओ असे उपक्रम जोडले. पतपुरवठ्याला माहितीची व मार्गदर्शनाची जोड मिळाल्याखेरीज लहान उद्योग तग धरत नाही, याचा प्रत्यय माणदेशात आला.

२००५ मध्ये पुणे येथे मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था स्थापन केली. व्यापारी वर्तुळात ज्यांच्या ओळखी नाहीत अशा उद्योजकांना परस्परांशी, बँकांशी आणि मोठ्या खरेदीदारांशी जोडणे हे तिचे कार्य आहे. शेजारच्या गुजरात राज्यात, इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या सेवा या संघटनेने ‘रुडी’ या नावाने शेतमाल व मसाल्यांच्या विक्रीची साखळी उभी केली. गावोगाव माल विकणाऱ्या भगिनींना मोबाईलवरून मागणी नोंदवता यावी, अशी व्यवस्थाही करण्यात आली. मागणी कळवण्यासाठी केंद्रापर्यंत करावा लागणारा हेलपाटा त्यामुळे वाचला. या ठिकाणी माणसांची साखळी आधी तयार झाली आणि मोबाईल नंतर आला, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

उपलब्ध व्यवस्था

खान्देशात अशी माणसांची साखळी नव्याने निर्माण करण्याची गरज नाही. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचतगट व लोकसंचालित साधन केंद्रे आहेत. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली, म्हणजेच ‘उमेद’मध्ये, स्वयंसहायता समूह, ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी रचना आहे. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ पासून चालत आली आहे. अल्पसंख्याकांसाठी २००० मध्ये मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि २००८ मध्ये राज्यात स्वतंत्र अल्पसंख्याक विकास विभागाची निर्मिती झाली.

विक्रीची व्यासपीठेही निर्माण झाली आहेत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने मार्च २०१६ मध्ये ‘महिला ई-हाट’ सुरू केले. त्याच वर्षी शासकीय खरेदीसाठी ‘जेम’ हे संकेतस्थळ अस्तित्वात आले आणि २०१९ मध्ये तेथे महिला उद्योजकांसाठी ‘वुमनिया’ उपक्रमाची जोड देण्यात आली. नीती आयोगाने मार्च २०१८ मध्ये महिला उद्योजकता मंच उभारला. केंद्रीय कार्यालये व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी आणि त्यातील ३ टक्के हिस्सा महिलांच्या उद्योगांना मिळावा, अशी तरतूद २०१८ मध्ये करण्यात आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिला व अल्पसंख्याक या दोहोंचा विशेष प्रवर्गात समावेश करण्यात आला. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के, तर या प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा १० ऐवजी ५ टक्के, असे त्याचे प्रमाण ठरवण्यात आले.

तरतुदी अशा अनेक आहेत. परंतु त्या निरनिराळ्या कार्यालयांत आणि निरनिराळ्या संकेतस्थळांवर विखुरलेल्या आहेत. शिरपूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावरील स्त्रीला त्यांपैकी आपल्या उपयोगाची कोणती, हे सांगणारे कोणी नसते. स्थानिक अ‍ॅपने राष्ट्रीय व्यासपीठांशी स्पर्धा करू नये. त्या व्यासपीठांपर्यंत पोचण्याची पहिली पायरी व्हावे, हेच इष्ट होय.

अ‍ॅपची रचना

अ‍ॅप हा शब्द ऐकून अनेकांना ते फार गूढ प्रकरण वाटते. वस्तुतः त्याच्या मुळाशी चार नोंदवह्या असतात. पहिलीत उद्योजिकेचे नाव, गाव व गट. दुसरीत ती देऊ शकणारी वस्तू वा सेवा, तिचे परिमाण, भाव आणि लागणारी मुदत. तिसरीत खरेदीदारांची मागणी. चौथीत झालेला व्यवहार व त्यावरील अभिप्राय. दुसऱ्या व तिसऱ्या वहीची सांगड घालणे हे यंत्राचे काम. ४० किलोची मागणी आली की ८-८ किलोचे पाच पुरवठादार शोधून सर्वांना एकाच वेळी कळवणे त्याला क्षणार्धात साधते.

आज अनेक गट व्हॉट्सअ‍ॅपवर हे काम करतात. ते सोयीचे आहे, तथापि त्याच्या मर्यादा ठळक आहेत. आज आलेली मागणी उद्याच्या शुभेच्छांखाली गाडली जाते, मागचा व्यवहार शोधता येत नाही आणि गटातील प्रत्येक सभासदाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना उघड होतो.

अ‍ॅपमधून पैशाची देवघेव व्हावी काय, हा निर्णय आरंभीच घ्यावा लागतो. जे अ‍ॅप स्वतः पैसे स्वीकारून विक्रेत्याला देते, ते वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने ई-वाणिज्य चालक ठरते आणि कर गोळा करून भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. उलाढालीच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्यांना राज्यांतर्गत माल अशा व्यासपीठावर विकताना नोंदणीतून १ ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली. मात्र त्यासाठी नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. यास्तव पहिल्या टप्प्यात अ‍ॅपने गाठ घालून द्यावी आणि पैसे खरेदीदाराने यूपीआयद्वारे थेट गटाच्या खात्यात जमा करावेत, हा सुलभ मार्ग होय. तत्पूर्वी गटाची उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य असल्याने तिच्यासाठी कोणासही पैसे देण्याचे कारण नाही. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही आवश्यक असते.

भाषा आणि आवाज

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरत असलेला मोबाईल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेटचा कधीतरी वापर केलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले असले, तरी घरातील फोन पतीच्या वा मुलाच्या खिशात असतो, ही वस्तुस्थिती अनेक गावांत आढळते. केवळ महागड्या फोनवर चालणारे अ‍ॅप ज्या स्त्रीसाठी उभारले, तिलाच वगळून बसेल. म्हणून ते आकाराने लहान असावे, संपर्क तुटला तरी नोंद फोनमध्ये राहावी, साध्या फोनवर लघुसंदेश किंवा बोलका दूरध्वनी यांची सोय असावी आणि एका फोनवरून चार जणींना आपापली नोंद ठेवता यावी.

दुसरा प्रश्न भाषेचा. धुळे जिल्ह्यात व पश्चिम जळगावात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिल्ली व पावरी, तर शहरांतील मुस्लिम वस्त्यांत उर्दू बोलली जाते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, हे पडद्याची मांडणी करतानाच लक्षात घ्यावे लागते. मागाहून केलेली डागडुजी नीट बसत नाही. बोलींसाठी मात्र आवाज हेच उत्तम साधन होय. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी लिहून घेतली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या भूमीत निरक्षर स्त्रीच्या शब्दाने साहित्यात मानाचे स्थान मिळवले, तेथील उद्योजिकेला आपला माल स्वतःच्या बोलीत बोलून नोंदवता यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

विश्वास आणि गोपनीयता

या प्रकल्पाचे यशापयश अखेर विश्वासावर अवलंबून राहील. उद्योजिकेचा क्रमांक जाहीर होताच अवेळी येणारे नकोसे दूरध्वनी सुरू झाले, तर दुसऱ्याच दिवशी घरचे लोक तिचा फोन काढून घेतील. एका स्त्रीला असा अनुभव आला की त्या गल्लीतील इतर दहा जणी नोंद करण्यास धजावणार नाहीत. यावर उपाय आहेत. दोन्ही बाजूंचे क्रमांक झाकून यंत्राने जोडणी करून द्यावी, संपर्काची वेळ उद्योजिकेने ठरवावी, त्रासदायक व्यक्तीला एका कळीने बंद करता यावे आणि खरेदीदाराचीही पडताळणी व्हावी. पत्ता म्हणून घराऐवजी ग्रामसंघाचे कार्यालय दर्शवणे श्रेयस्कर.

धर्माची वा जातीची नोंद हा याहून नाजूक विषय होय. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन हे समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहेत. कर्ज वा अनुदानाच्या पात्रतेसाठी ही माहिती लागते. खरेदीदाराला मात्र तिची गरज नसते. ती त्याच्या दृष्टीस पडल्यास तिचा उपयोग वगळण्यासाठी होण्याचा धोका राहतो. म्हणून ही नोंद ऐच्छिक असावी, वेगळ्या कप्प्यात सुरक्षित ठेवावी आणि केवळ योजनेच्या मार्गदर्शनासाठी वापरावी. त्याच कारणास्तव अल्पसंख्याकांसाठी निराळे अ‍ॅप काढणेही योग्य ठरणार नाही. बाजार सर्वांचा एक आहे. धुळ्याच्या मुस्लिम वस्तीतील शिवणकाम करणारी भगिनी आणि साक्रीतील मसाला कुटणारी भगिनी एकाच यादीत शेजारी दिसल्या, तरच जाळे विस्तारेल.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. माहिती घेण्यापूर्वी स्पष्ट संमती, सांगितलेल्या कारणापुरताच वापर आणि माहिती पुसून टाकण्याचा हक्क ही त्याची प्रमुख तत्त्वे आहेत. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांतून उपलब्ध असावी, असेही त्यात नमूद आहे. मराठी व उर्दू या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. गटाच्या बैठकीत ही सूचना मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच संमती घ्यावी.

एका तालुक्यापासून आरंभ

जळगाव जिल्ह्यात १५, तर धुळ्यात ४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ४२,२९,९१७ आणि २०,५०,८६२ होती. एवढ्या विस्तारावर एकाच दिवशी अ‍ॅप सुरू करण्याचा मोह टाळलेला बरा. एक तालुका, त्यातील काही ग्रामसंघ आणि तीन-चार वस्तू एवढ्यावरच आरंभ व्हावा. पहिले दोन-तीन महिने तर कागदी नोंदवही व एक दूरध्वनी पुरेसा आहे. ग्रामसंघातील एका शिकलेल्या भगिनीने मागणी घ्यावी, गटांना कळवावे आणि कोठे अडते ते टिपून ठेवावे. माल भरण्याच्या पिशव्यांवरून वाद होतो की एस.टी.च्या पार्सलवरून, भाव ठरताना मतभेद होतात की वजन करताना, हे त्या वहीतून उमगेल. अ‍ॅपची रचना करणाऱ्या तंत्रज्ञाने तीच वही समोर ठेवून काम करावे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या विद्यार्थ्यांना असा प्रकल्प हाती घेता येईल. मात्र विद्यार्थी दरवर्षी बदलतात. म्हणून अ‍ॅपची मालकी, त्याच्या चाव्या व देखभालीची जबाबदारी प्रभागसंघासारख्या स्थायी संस्थेकडे लेखी सोपवली पाहिजे. अनुदान संपताच बंद पडणाऱ्या व्यवस्थेने स्त्रियांचा जो विश्वासभंग होतो, तो पुढील प्रत्येक योजनेला भोवतो.

पंचायत आणि शाळेचे कार्य

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. महिला सदस्यांनी ग्रामसभेत या विषयाची मांडणी केल्यास कुटुंबांचा संकोच दूर होण्यास मोठे साहाय्य होईल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील घरगुती उद्योगांची यादी वस्तीनिहाय तयार करावी आणि ती करताना अल्पसंख्याक व आदिवासी वस्त्या सुटत नाहीत ना, याची खातरजमा करावी. पंचायत कार्यालयातील संगणक आठवड्यातून ठराविक वेळी यासाठी खुला ठेवता येईल. मराठी व उर्दू शाळांतील शिक्षकांनी मातांच्या मेळाव्यात फोनचा सुरक्षित वापर, यूपीआयमधील फसवणुकीचे प्रकार आणि गुप्त क्रमांक कोणास न सांगण्याची दक्षता समजावून द्यावी. पैसे मिळवण्यासाठी गुप्त क्रमांक टाकावा लागत नाही, एवढे एकच वाक्य पक्के झाले तरी अनेक भगिनींची पुंजी वाचेल.

यशाचे मोजमाप

अ‍ॅप किती फोनवर उतरवून घेतले गेले, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. परंतु खरे मोजमाप निराळे आहे. किती उद्योजिकांना गावाबाहेरून दुसऱ्यांदा मागणी आली? किती मागण्या दोन वा अधिक गटांनी मिळून पूर्ण केल्या? भिन्न समाजांच्या किती गटांनी एकत्र माल दिला? यात्रेनंतरच्या मंदीच्या महिन्यांत किती जणींच्या हाताला काम राहिले? या चार प्रश्नांची उत्तरे दर तिमाहीस ग्रामसभेपुढे ठेवावीत आणि ती निराशाजनक असल्यास रचनेत बदल करण्याचा मनमोकळेपणाही दाखवावा.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. भुसावळ हे देशातील एक मोठे रेल्वे जंक्शन आहे. खान्देशचा माल या वाटांनी दूरवर जातो. त्या वाटेपर्यंत घराघरातील जिन्नस पोचवणारी पाऊलवाट अद्याप अरुंद आहे. ती रुंदावण्याचे सामर्थ्य मोबाईलमध्ये निश्चितच आहे. तथापि तिच्यावरून चालणाऱ्या भगिनींचा परस्परांवरील विश्वास गावागावांतच जोपासावा लागेल आणि त्या कामी पंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा यांनी खांद्याला खांदा लावून उभे राहणे अगत्याचे आहे.